उलगडा आणि ये-जा : लेंटिक्युलर चित्रांच्या संग्रहाविषयी

या लेखासोबत छापायला एखादं चित्र द्या, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा मी माझ्या घरातल्या एका चित्राचे मोबाइलवर सात फोटो काढले. सातही वेगळे आले आणि सातही चुकीचे. एकात जंगल होतं, वाघ नव्हता. एकात वाघ होता, पण जंगल विझल्यासारखं झालं होतं. उरलेल्या पाचांत दोन्ही एकमेकांत असे कालवले गेले होते की छापखान्याने गाळलेली चूक वाटावी. शेवटी लेख चित्राविना जातो आहे. पोस्टरं जमवणाऱ्या माणसावर ही पाळी यावी हे मोठं मजेशीर आहे, कारण पोस्टर ही वस्तू मुळात प्रती काढण्यासाठीच जन्माला आलेली. इथे मात्र यंत्रावर छापलेल्या, शेकड्यांनी निघालेल्या वस्तूची साध्या कागदावर एकही प्रत निघत नाही.

'लेंटिक्युलर' हा शब्द ज्यांना अनोळखी आहे त्यांनाही ही वस्तू अनोळखी नसेल. आमच्या शाळेच्या दिवसांत कंपासपेटीत अशी एक पट्टी असायची, जिच्यावर तिरकं पाहिलं की पळणारा घोडा पाय हलवायचा, आणि जिच्यावरून नख फिरवलं की खर्र असा आवाज यायचा. मास्तरांच्या हातून सर्वांत जास्त पट्ट्या जप्त झाल्या असतील त्या या जातीच्या. देवस्थानांबाहेरच्या दुकानांत याच जातीचे 'हलणारे फोटो' मिळतात. लेन्स हा शब्द लॅटिन भाषेतल्या मसुराच्या नावावरून आला. लेंटिक्युलर म्हणजे मसुराच्या आकाराचं. आपण भिंग म्हणतो. या प्रकाराविषयी मी पूर्वी एका लेखात एक वाक्य लिहिलं होतं. धार्मिक छापील चित्रांचा ऱ्हास शिळाप्रेसपासून सुरू होऊन 'डोळे मिचकावणाऱ्या प्लास्टिकच्या देवांपाशी' कसा संपतो, असं काहीसं ते होतं. वाक्य टाळीचं होतं. ते मला आता मागे घ्यायचं आहे, पण नुसतं मागे घेऊन चालणार नाही. ते का चुकलं हे सांगायला हवं.

आधी यंत्रणा. दोन चित्रं घेतात, त्यांच्या अगदी बारीक पट्ट्या करतात (हे काम आता संगणक करतो), एक याची एक त्याची अशा आलटून पालटून लावतात, आणि त्यावर असा पारदर्शक पत्रा येतो ज्याची पाठ सपाट पण पुढची बाजू पन्हळी असते. प्रत्येक पन्हळ म्हणजे एक लांबच लांब भिंग. तुम्ही ज्या कोनातून पाहाल त्या कोनातली एकच पट्टी ते मोठी करून दाखवतं, बाकीच्या झाकतं. भिंगं उभी असतील तर तुमच्या डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळ्या पट्ट्या दिसू शकतात आणि त्यातून खोलीचा भास तयार करता येतो. असं चित्र लोडाला टेकून आडवं पडून पाहा, खोली नाहीशी होते. दोन डोळे आता एकाच भिंगाच्या लांबीवर आले. भिंगं आडवी असतील तर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं, आणि ते बदलायचं तर मान किंवा अख्खं अंग वर-खाली करावं लागतं. दोन चित्रांचा स्वच्छ पालट हवा असेल तर आडवी भिंगं बरी, हे या धंद्यातलं साधं ज्ञान आहे. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

अशी चित्रं भिंगांच्या आधीची आहेत. १६९२ साली गास्पार आंत्वान द ब्वा-क्लेअर या चित्रकाराने डेन्मार्कच्या फ्रेडरिक आणि लुईझ या राजदांपत्याचं एक दुहेरी चित्र केलं. त्रिकोणी पट्ट्यांच्या एका बाजूवर राजा रंगवला, दुसऱ्या बाजूवर राणी. एका कडेने चालत आलात तर राजा भेटतो, दुसऱ्या कडेने राणी. मधोमध उभे राहिलात तर दोघांचाही चेहरा धड दिसत नाही. दरबारात मानाची जागा समोरची. इथे समोरच्या माणसाच्याच वाट्याला काही येत नाही. पुढे १९०३ मध्ये फ्रेडरिक आइव्हजने बारीक फटींच्या जाळीतून खोली दाखवणाऱ्या छायाचित्राचं पेटंट घेतलं, आणि १९०८ मध्ये गाब्रिएल लिपमान याने माशीच्या डोळ्यासारख्या असंख्य भिंगांची कल्पना मांडली. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. तिथून बाजारापर्यंत यायला प्लास्टिकची वाट पाहावी लागली. १९५२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत आयझेनहॉवरचे बिल्ले निघाले, हलवलं की घोषणा, हलवलं की चेहरा. 'लुक' या नियतकालिकाने २५ फेब्रुवारी १९६४ च्या अंकात एडिसनच्या अर्धपुतळ्याचं खोली दाखवणारं कार्ड आत बांधून दिलं. १९६७ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' या तबकडीच्या वेष्टनावर मायकेल कूपरने काढलेलं असं छायाचित्र चिकटवलं होतं. वेष्टन तिरकं केलं की वादकांचे चेहरे एकमेकांकडे वळतात. अख्खं वेष्टनच भिंगाचं करायचा बेत होता, खर्चामुळे तो चित्राच्या चौकटीपुरता आला. नंतरच्या आवृत्त्यांत तिथे साधा सपाट फोटो आहे, आणि जुनी तबकडी विकत घेणारा सर्वांत आधी वेष्टन हलवून पाहतो ते त्यामुळेच.

आता मूळ प्रश्न. दोन चित्रं एका चौकटीत आणायची, तर त्यांचं एकमेकांशी नातं काय?

मराठी वाचकाला या प्रश्नाची तालीम दिवाळी अंकांनीच दिली आहे. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेल्या खिडकीतून मागच्या पानावरचा एक तुकडा दिसतो, तो पाहून वाचकाच्या मनात नको ते येतं, तो इकडे-तिकडे पाहत पान उलटतो, आणि तिथे एखादी गृहिणी कणीक तिंबत असते किंवा तसंच काही निरुपद्रवी चाललेलं असतं. आमच्या घरी हा अंक काकांच्या उशीखाली असायचा, त्यामुळे आम्हा मुलांना सगळी चित्रं उलट्या क्रमाने, आधी निरागस आणि मग चावट, अशी पाहायची सवय लागली. आणि तशी पाहिली की ती मुळीच हसवत नाहीत. कारण खिडकीचित्राचा जीव क्रमात आहे. आधी संशय, मग उलगडा. दुसरं चित्र पहिल्याला रद्द करतं. पान उलटल्यावर मागे जाण्यात अर्थ नसतो, आणि तसं असण्यातच त्या प्रकाराचं कसब आहे.

लेंटिक्युलर चित्रात क्रम नाही. कुठल्या बाजूने यायचं हे बघणारा ठरवतो, तेही नकळत. दुसरं चित्र पहिल्याला रद्द करू शकत नाही, कारण पाऊल मागे घेतलं की पहिलं पुन्हा हजर. ही ये-जा हा या माध्यमाचा स्वभाव आहे, आणि आज बाजारात येणाऱ्या बहुतेक चित्रांचा दोष असा की ती या स्वभावाविरुद्ध खिडकीचित्रासारखा विचार करतात. अलीकडे परदेशातल्या पोस्टर-गॅलऱ्या चित्रपटांवरच्या मर्यादित आवृत्त्या काढतात, त्यांत कागदी प्रतीबरोबर लेंटिक्युलर प्रत काढायची प्रथा पडली आहे. विषय ठरलेले. मुखवटा घातलेला नायक, मुखवटा काढलेला नायक. सभ्य डॉक्टर, मग राक्षस. हसरी मुलगी, मग कवटी. मी यांतली चार घेतली. पहिल्या दिवशी घरच्यांना बोलावून दाखवली, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना, आणि आठवड्यानंतर त्यांच्याकडे माझं लक्षही जाईना. उलगडा एकदाच होतो. मुखवट्यामागे कोण हे कळल्यावर मुखवटा नुसता अडथळा उरतो, आणि भिंत त्याच्या नावावर कायमची अडकते.

उलट तो वाघ. अर्थातच त्यातही युक्ती आहे, पण जंगलातून वाघ निघून गेला म्हणून जंगल खोटं ठरत नाही. रिकामं जंगल पाहताना वाघ आठवतो, वाघ पाहताना तो जाणार आहे हे ठाऊक असतं. डेन्मार्कच्या राजा-राणीचंही तेच. दोघांतलं खरं कोण हा प्रश्नच नाही. आणि या प्रकारातला सर्वांत विचारी माणूस, याकोव्ह आगम, त्याने तर 'दोन चित्रं' ही कल्पनाच विरघळवली. १९६४ चं त्याचं 'डबल मेटामॉर्फोसिस २' न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहे; ते भिंगाचं नाही, पन्हळी अॅल्युमिनियमवर रंगवलेलं आहे. डावीकडून आकारांची एक रचना, उजवीकडून दुसरी. पण मधे उभं राहिलं की डेन्मार्कच्या चित्रासारखी गल्लत होत नाही, दोन्ही रचना मिसळून तिसरी होते, आणि ती पहिल्या दोघींइतकीच जाणूनबुजून केलेली असते. हाच विचार त्याने नंतर भिंगाच्या पत्र्यावर छापलेल्या चित्रांत आणला. त्यांना त्याच्या नावावरून 'अगामोग्राफ' म्हणतात. मला त्यांतली पुष्कळशी जरा शोभेची वाटतात, हॉटेलच्या लॉबीत बरी दिसतील अशी. मात्र मधल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न त्याने सोडवला, आणि बहुतेकांना तो पडतच नाही.

या मधल्या जागेला धंद्यात 'घोस्टिंग' म्हणतात, म्हणजे एका चित्रात दुसऱ्याची भुताटकी दिसणं. तो दोष मानतात. काळ्यावर पांढरं असं तीव्र अंतर असलं की भूत हमखास दिसतं, म्हणून जाणता चित्रकार दोन्ही चित्रांत उजेड आणि अंधार शक्य तितक्या एकाच जागी ठेवतो. वाघाच्या चित्रात पट्ट्यांच्या जागी बांबूच्या सावल्या आहेत. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, आणि त्या दिवशी ते चित्र घेतल्याचं समाधान झालं. घेण्यापूर्वी कळायला हवं होतं, हे खरं.

पण घेण्यापूर्वी कळणार कसं? विक्रेत्याने पाठवलेला फोटो निरुपयोगी, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. चलच्चित्र मागावं, आणि चित्र हातात धरून हलवलेलं नको, भिंतीवर टांगून कॅमेरा चालवलेला हवा. भिंगं उभी की आडवी हे विचारावं. इंचाला किती भिंगं हेही विचारावं: पंचाहत्तरच्या आसपास असतील तर ते हातात धरून पाहायचं चित्र, भिंतीवर चाळीस किंवा त्याहून विरळ बरी, आणि भिंगं जितकी विरळ तितका पत्रा जाड आणि बघणारा दूर. पत्र्याच्या पाठीवर थेट छापलंय की छापलेला कागद चिकटवलाय? चिकटवलेल्यात भिंग आणि पट्टी यांची जुळणी जरा जरी सरकली तरी चित्रावर आडवे-उभे पट्टे येतात. सरळ समोरून काय दिसतं हेही विचारायला हवं. पुष्कळदा दोन चित्रांची सीमा नेमकी समोर येते, आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या नशिबी कायमचं भूत.

आणि पाठवणार कसं? कागदी पोस्टर नळीतून येतं, या सवयीने एका विक्रेत्याने माझं एक चित्र गुंडाळून पाठवलं. नळी उघडली तेव्हा ते पन्हाळ्यासारखं वळलेलं होतं. मी ते काचेखाली, विश्वकोशाच्या खंडांखाली दोन महिने दाबून ठेवलं. मधला भाग सपाट झाला, कोपरे झाले नाहीत, आणि कोपऱ्यांत आजही एकाच वेळी सकाळ आणि रात्र दिसते. विक्रेत्याचं म्हणणं, चित्र तर छापलंय ना नीट. ते मी अडगळीत टाकलेलं नाही. अशा वस्तूला सपाटपणाची किती गरज असते हे नव्या संग्राहकाला दाखवायला ते उपयोगी पडतं.

टांगण्याच्या बाबतीत तर कागदी पोस्टरांचं सगळं शहाणपण उलटं करावं लागतं. कागदाला काच हवी. इथे काच लावली की तिची चमक वर चढते आणि चित्र बुडतं. वरच्या छोट्या दिव्याचा झोत कागदाला शोभतो. इथे भिंगं उभी असतील तर तोच झोत पांढऱ्या आडव्या पट्ट्यासारखा चित्रभर पसरतो, आडवी असतील तर उभ्या. पसरलेला, भिंतीवरून परतून येणारा उजेड चांगला. कडक ऊन दोघांनाही वाईट. पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्याने, भिंगांच्या लांबीच्या दिशेने, नाहीतर मुंबईची धूळ पन्हळीत घट्ट बसते.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची, आणि तिथेच माझी जास्तीत जास्त वर्षं फुकट गेली. मी चांगली चित्रं दिवाणखान्यात, सोफ्यासमोर लावत होतो. सोफ्यावर बसलेला माणूस हलत नाही. ज्या चित्राचा अर्थ चालण्यात आहे ते बसलेल्या माणसापुढे टांगणं म्हणजे नाटकाच्या पडद्यावर दिवे टाकून बसणं. उभ्या भिंगांचं चित्र बोळात हवं. वाघ आता स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात आहे. चहा आणायला जाताना रिकामं जंगल, कप घेऊन येताना वाघ. आडव्या भिंगांच्या चित्राला जिना चांगला, कारण तिथे माणूस चढतो-उतरतो. जिना नसेल तर जिथे माणूस उठतो-बसतो किंवा वाकतो अशी जागा शोधावी लागते.

हे वाक्य वहीत टिपताना मला आत्याचं घर आठवलं.

गिरगावातल्या चाळीत तिच्या देव्हाऱ्याच्या वर, डोळ्यांच्या बऱ्याच वरच्या उंचीवर, एक हलणारा फोटो होता. विठ्ठल आणि रखुमाई. आपल्याकडे देवांचे फोटो सुतळीवर पुढे झुकवून टांगतात तसा टांगलेला. मी कॉलेजात होतो, कलेबद्दल मतं नुकतीच फुटू लागली होती. मी समोर ताठ उभा राहून तो पाहिला आणि म्हणालो, "आत्या, हा बिघडलाय. एकटा विठ्ठलच दिसतो." मग डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, तरी विठ्ठलच. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, असा ताठ उभा राहून नाही दिसायची रखुमाई. वाक की जरा." मी ते म्हाताऱ्या माणसाचं भाविक बोलणं समजलो आणि हसून सोडून दिलं.

ती भक्तीबद्दल बोलत असेलही. पण ती भिंगाबद्दलही बोलत होती, आणि तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. भिंगं आडवी होती. मी डावी-उजवीकडे जन्मभर फिरलो असतो तरी काही बदललं नसतं. फोटो उंच, पुढे झुकलेला, बघणारा दोन हातांवर. नमस्काराला वाकलं की डोळे फूट-दीड फूट खाली येतात आणि कोन भराभर बदलतो. उभं असताना विठ्ठल, वाकताना रखुमाई, उठताना पुन्हा विठ्ठल. रोज दोनदा, अनेक वर्षं, ती ते चित्र ज्या हालचालीतून पाहत होती ती हालचाल चित्रासाठी वेगळी करावी लागत नव्हती. दोघांतलं एक खरं आणि दुसरं त्याचं रहस्य, असं तिथे काही नव्हतं. आगमने मधली जागा सोडवली असं मी वर लिहिलं. बघणाऱ्याने अंग कसं हलवायचं हा प्रश्न मात्र त्या फोटोच्या खिळ्याने सोडवला होता, आणि तो खिळा तिने स्वतः मारला होता.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा सामान आवरायला मी होतो. रविवर्मा छापखान्याची, जरीकाम चिकटवलेली लक्ष्मी मी जपून कापडात गुंडाळून घरी आणली. मळवलीच्या त्या छापखान्याचं महत्त्व मला ठाऊक होतं. फोटोबद्दल आत्याने विचारलं, "हा नेतोस का?" मी म्हटलं, "प्लास्टिकचा आहे गं, राहू दे." तिच्या नव्या जागेत तोवर देव्हारा ठेवायलाच अडचण होती. फोटो भंगारात गेला. ती काही बोलली नाही. ऱ्हासाबद्दलचं ते वाक्य मी त्यानंतर दोन-एक वर्षांनी लिहिलं, आणि ते माझ्या लेखसंग्रहात छापलेलं आहे. नवी आवृत्ती निघाली तर ते काढीन. निघाली नाही तर ही दुरुस्ती इथे नोंदलेली असावी.

तसा फोटो मी पुष्कळ शोधला. आता दुकानांत मिळतात ते बहुतेक उभ्या भिंगांचे, खोली दाखवणारे. विठ्ठल पुढे, गाभारा मागे, समोर कळशी हाताला लागेलशी. ते वाईट नाहीत. पण तिथे कुणी जात-येत नाही. या वर्षी पंढरपूरला एका दुकानात मागच्या फळीवर जुना माल होता, त्यात एक सापडला, पाच बाय सातचा, आडव्या भिंगांचा, कडेने पिवळा पडलेला. दुकानदाराने तो ताठ धरून दाखवला आणि म्हणाला, एकच दिसतंय, कमी करून देतो. मी पूर्ण पैसे दिले.

सध्या तो देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. खिळा किती उंचीवर मारायचा यावर घरात अजून एकमत नाही. मी सहा फूट म्हणतो. बायकोचं म्हणणं, तुम्ही कधी वाकता देवापुढे? माझ्या उंचीने मोजा. तिने पेन्सिलने पाच फूट चार इंचांवर खूण करून ठेवली आहे.